बाबाजीतात्यांची चौपाटी

आमच्या वरच्या वाडीत रविवार फक्त दोघांना असायचा. एक मला, कारण मी शाळामास्तर आणि रविवारी शाळा बंद. दुसरा बाबाजीतात्या सकपाळांना, कारण त्यांनी तो मुंबईहून येताना ट्रंकेत घालून आणला होता. बाकीच्या वाडीला वार दोनच ठाऊक होते. एक पोलादपूरच्या बाजाराचा, आणि दुसरा म्हणजे उरलेले सगळे.

रविवारी उन्हं अंगणात उतरली की तात्या नटायला बसत. धुतलेलं धोतर, काळा कोट, काळी टोपी, काखेत छत्री. पाऊस असो नसो, छत्री हवीच. आणि बूट. बुटांचा नियम असा, की सपाटीला पायात आणि चढणीला हातात. आमची वाडी आंबेनळीच्या वाटेवर डोंगराला चिकटलेली. सपाटी औषधालासुद्धा सापडायची नाही. त्यामुळे ते बूट बिचारे बहुतेक हातातच फिरायचे.

मी मूळचा महाडचा, बाजारपेठेत वाढलेला. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळत पडावं, यापलीकडे माझी हौस कधी गेली नाही. पण तात्यांच्या घराच्या पडवीत माझं बिऱ्हाड, आणि मधे कुडाची भिंत. लोक म्हणतात भिंतीला कान असतात. या भिंतीला खिंडारंच होती. मी झोपेचं सोंग घेतलं की एका फटीतून छत्रीचं टोक आत यायचं आणि माझ्या बरगडीत बसायचं.

"मास्तर, उठा! संडे हाय!"

मग काय, उठायचं.

वाडीच्या पारावर गणूदादा मोरे बसलेले असायचेच. शेतीवाडीनं तालेवार माणूस, आणि जिभेनं त्याहून. पहिल्या रविवारचा त्यांचा आणि तात्यांचा संवाद वाडीत अजून सांगतात.

"काय रे बाबाजी, नटून कुठं?"

"फिरायला."

"फिरायला म्हंजे? गुरं चुकली काय?"

"नाय रे. नुसतं फिरायला."

"नुसतं?" गणूदादांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "आनि मग तिकडं जाऊन काय करनार?"

"बघनार."

"काय?"

"डोंगर."

गणूदादांनी एकदा मागे वळून डोंगराकडे पाहिलं. जन्मापासून तो तिथंच होता. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्ही तरी याला आवरा. मी काय आवरणार? माझी बरगडी अजून दुखत होती.

पण खरं सांगतो, तात्यांबरोबर हिंडण्यात मजा होती. त्या माणसानं उभा जन्म मुंबईला गिरणीत काढला. लालबागच्या एका गाळ्यात वाडीचीच माणसं दाटीवाटीनं राहायची, त्यात यांची एक पथारी. आठवडाभर कापड विणायचे साचे, आणि रविवारी पाय नेतील तिकडे. त्या रविवारांनी त्यांना सगळी मुंबई दाखवली. वय झालं, गिरणी सुटली, तात्या गावी आले आणि आल्या आल्या आमच्या डोंगरात त्यांनी मुंबई वसवायला घेतली.

वाडीच्या वरच्या अंगाला रान होतं, तिथं माकडं फार. ती झाली राणीची बाग. "मुंबईत माकडं पिंजऱ्यात नि मानसं भायेर," तात्या मला समजावून सांगत. "हितं माकडं मोकळी. आनि तिकीट नाय!" नाचणी-वरीची डोंगरउतारावरची वावरं, ती हँगिंग गार्डन. घाटाच्या वळणावर एक मोठा कातळ होता, त्याचं नाव मलबार हिल. तिथं बसून महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारी बघायच्या. मोटार दिसली की तात्या उठून छत्री हलवायचे. आतली माणसं गोंधळून हात हलवायची. तात्यांना ते एवढं पुरायचं. "वळखीचे वाटतात," म्हणायचे.

आणि खाली सावित्रीच्या काठाला वाळूचा एक पट्टा होता, ती चौपाटी. सगळ्यात लाडकी. तिथं पोचल्यावर मात्र बूट पायात चढायचे. चालताना त्यांत वाळू जायची, तात्या ते काढून झटकायचे आणि पुन्हा घालायचे. अनवाणी चाला म्हटलं तर म्हणायचे, "चौपाटीला अनवानी? लोक काय म्हनतील?" लोक म्हणजे मी आणि दोन बगळे.

मग पितळी डबा उघडायचा. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, उकडलेली अंडी. तात्या पळसाची पानं मांडायचे, ती तीन. आम्ही दोघं. तिसऱ्या पानावरही भाकरी, चटणी, अंडं, सगळं रीतसर. मी एकदा विचारलं, "हे कुणाचं?"

"असू दे. येईल कुनीतरी."

कुणी यायचं नाही. परतताना ते पान राणीच्या बागेतल्या माकडांना जायचं. माकडं वाटच बघत असायची.

आता येसूकाकींबद्दल सांगायला हवं. काकी म्हणजे तात्यांची बायको. एकुलती मुलगी तुडीलला दिलेली, घरात ही दोघंच. काकी काटक, कामाला वाघीण. इतकी वर्षं घर, शेत, गुरं सगळं एकटीनं ओढलं. तात्या यायचे ते शिमग्याला नि गणपतीला, चार दिवस. ते येणार म्हणून कोंबडं कापलं जायचं, ठेवणीतली गोधडी निघायची, तांब्या घासून लख्ख व्हायचा. आता तात्या कायमचे आले, तरी ते सगळं तसंच चालू होतं. गोधडी निघालेली आत गेली नाही, आणि कोंबड्यांची संख्या चिंताजनक झाली.

तात्यांनी कुऱ्हाडीला हात घातला, की काकी येऊन कुऱ्हाड काढून घ्यायच्या. "तुमी बसा." पाण्याचा हंडा उचलला, "तुमी बसा." वैरण टाकायला गेले, "अवो, तुमी बसा, तुमास्नी सवं नाय." तात्या दिवसभर ओटीवर पाटावर बसून असायचे. बाकीची वाडी काकींचं कौतुक करायची, नवऱ्याला कसं फुलासारखं जपते म्हणून. मीही करायचो. काकी मला एकदा दळता दळता म्हणाल्या, "काय करू मास्तर, चार दिसाचा पाव्हना मला समजतो. ह्यो जातच नाय!" आणि खळखळून हसल्या. मीही हसलो. कुडापलीकडे तात्या होते, ते काही हसले नाहीत.

दर रविवारी निघताना तात्या चुलीपाशी जाऊन विचारायचे, "येतेस का गो?"

"मी?" काकी असं म्हणायच्या, की जणू तात्यांनी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगितलंय. "नवऱ्यासंगं फिराय? ह्या वयात? आनि लाकडं कोन आननार? तुमी जावा मास्तरासंगं."

तात्या निमूट डबा उचलायचे. डब्यात भाकऱ्या तिघांच्या असायच्या. त्या काकींनीच भरलेल्या असायच्या, आणि तिसरी का लागते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

माघ संपत आला होता. पावसाळ्याची लाकडं भरायचे दिवस. एका शनिवारी संध्याकाळी तात्या माझ्या पडवीत येऊन बसले. छत्री नाही, कोट नाही. पलीकडे काकींचं जातं घरघरत होतं.

"मास्तर, मी परत मुंबैला चाललो. सोमवारची यष्टी. ट्रंक बांधली."

"का हो? मधेच?"

"मधेच काय? पाव्हन्यानं किती दीस ऱ्हायचं?" ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पुतन्याच्या गाळ्यात पथारीपुरती जागा हाय. तिथं लोक मला शिव्या तरी देतात. पाय पसरलं तर लाथ मारतात. हितं मला कुनी लाकूड फोडाय देत नाय."

मी आपलं म्हटलं, "आणि आपला रविवार?"

"त्याच्यासाठी तर केलं सगळं." तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लग्न झालं तवा तिला बोललो व्हतो, तुला मुंबै दाखवीन. चौपाटी दाखवीन, रानीची बाग दाखवीन. पन गाळ्यात बायकामानसाला कुठं ठेवनार? म्हटलं पुढल्या साली. पुढल्या साली करता करता म्हातारा झालो. मी एकटाच बघत फिरलो मास्तर, संडेच्या संडे. जोडपी बसलेली असायची वाळूत. मी आपला भेळ खायाचो नि परत यायाचो. मग म्हटलं, तिला तिकडं नेता आलं नाय, तर हितं दाखवू. तर ती येत नाय. तिचं बी खरं हाय. इतकी वरसं तिचं माझ्याबिगर अडलं नाय, आता काय अडनार?"

पलीकडे जातं केव्हाच थांबलं होतं. मला ते कळलं, तात्यांना नाही.

रात्री मला झोप अशी लागली नाही. हा माणूस गेला तर माझे रविवार मला परत मिळणार होते, पाहिजे तितकं लोळायला. आणि मला ते नको होते.

सकाळी बरगडीत काहीतरी टोचलं. छत्रीचं टोक नव्हतं, पोळपाटावरचं लाटणं होतं.

"मास्तर, उठा," कुडापलीकडून काकी म्हणाल्या. "संडे हाय म्हनं."

मी बाहेर येऊन बघतो तर काकी अंगणात उभ्या. मुलीच्या लग्नातलं हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि लाजून तोंड पार लाल. तात्या ओटीवर कोटाची एकच बाही घालून थिजलेले. "तुमी बी चला मास्तर," काकी मला म्हणाल्या. "मला एकटीला ह्यांच्यासंगं लाज वाटती."

निघालो. पुढे तात्या, मधे मी, आणि बऱ्याच मागे काकी. तात्या थांबले की काकी थांबत. पारावर गणूदादांच्या तोंडातलं पान तिथल्या तिथं राहिलं. त्यांना काय विचारावं तेच सुचलं नाही, ही त्या दिवसाची पहिली जीत.

चौपाटी आली. तात्यांनी बूट चढवले, हात पसरला आणि म्हणाले, "बघ."

काकींनी बघितलं. "हितं तर मी धुनं धुते."

"आज धुवायचं नाय. बसायचं."

"बसून काय करू?"

"पानी बघायचं."

काकी बसल्या. पाणी बघितलं. थोडा वेळ फारच मनापासून बघितलं. मग त्यांची नजर पुरानं आणून टाकलेल्या सुक्या लाकडांकडे गेली, आणि मला कळलं की आता संपलं. त्या उठल्या, कमरेची चुंबळ काढली. नथ घालून, लग्नातलं लुगडं नेसून आलेली बाई चुंबळ विसरली नव्हती!

"संडे हाय गो!" तात्या ओरडले.

"चुलीला नसतो संडे," काकी लाकडं गोळा करत म्हणाल्या.

तात्या हताश होऊन वाळूत बसले. मोळी बांधून झाल्यावरच काकी जेवायला आल्या. तात्यांनी तीन पानं मांडली. काकी वाढायला लागल्या तर त्यांनी हात धरला, माझ्यासमोर, आणि काकींना बसवलं. नवऱ्यासमोर एका पंगतीत बसून जेवायची त्यांची ही पहिली वेळ असावी. त्या पदराआड तोंड करून जेवल्या. अंडं मात्र संपवलं.

मग हळूच म्हणाल्या, "मुंबैत बी असंच हाय?"

तात्यांनी नदीकडे बघितलं. "असंच. फकस्त पानी खारट. आनि तू न्हवतीस."

मी उठलो आणि बगळे बघायला गेलो. बगळ्यांत बघण्यासारखं काही नसतं, पण बराच वेळ बघितले.

परत निघायच्या वेळी काकी मोळी उचलायला वाकल्या. तात्या पुढे झाले. "दे हिकडं."

"अवो, तुमी ब..." म्हणता म्हणता काकी थांबल्या. नवऱ्याकडे त्यांनी नीट बघितलं. कोट, टोपी, बुटात वाळू. मग त्यांनी तात्यांची टोपी काढून माझ्या हातात दिली, आपली चुंबळ त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि मोळी उचलून वर चढवली. तात्या झुलले. मी धावलो, पण काकींनी डोळ्यांनीच मला लांब ठेवलं.

"मान ताठ ठेवा. खाली काय बघताय? पाय बघून टाका!"

"खाली बघू नको म्हनतेस नि पाय बघू..."

"तोंड चालवू नका, पाय चालवा. आनि ते बूट काढा आदी! चढनीला बूट घालून कोन चालतं? अक्कल हाय का नाय?"

साऱ्या वाटेनं काकी त्यांना झाडत होत्या. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, सगळं त्या चढणीवर निघालं. आणि मोळीखाली घामानं निथळणारे तात्या हसत होते. मी वाडीत आल्यापासून त्यांच्या बायकोनं त्यांना एक शब्द उलट बोललेला मी तरी ऐकला नव्हता. पाहुण्याला कोण बोलतं?

वाडीत शिरलो ते असे: पुढे काकी, काखेत छत्री, हातात बूट. मागे कोट घातलेले, डोक्यावर मोळी घेतलेले तात्या. त्यांच्या मागे मी, हातात टोपी. अख्खी वाडी पारावर गोळा झाली होती. गणूदादांना वाचा फुटली.

"काय गो येसू, पाव्हन्याच्या डोक्यावर मोळी?"

काकी थांबल्या. छत्रीचं टोक जमिनीवर टेकवून म्हणाल्या, "पाव्हना कोन? घरचा मानूस हाय. लाकडं नको आनाया?"

तात्यांना मान डोलवायची होती, पण मोळी होती. ते नुसते उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून जे वाहत होतं ते सगळंच घाम नव्हतं.

सोमवारची यष्टी गेली. त्या सकाळी मला कुऱ्हाडीच्या आवाजानं जाग आली. बाहेर तात्या लाकडं फोडत होते, वाईट फोडत होते, आणि काकी चुलीपासून ओरडून ते सांगत होत्या. मुंबईचे सदरे दोरीवर लुगड्यांशेजारी वाळत होते. ओटीवर ती ट्रंक उघडी होती, काठोकाठ नाचणीचं बियाणं भरलेली.

"बगा मास्तर," तात्या कुऱ्हाड टेकून, तक्रार केल्यासारखं, पण वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता जायचं म्हटलं तरी जाता येत नाय. हिनं ट्रंकेत बियानं भरलं."