ऐतिहासिक बर्फाचे जतन

कोणतीही वास्तू वापरात असेपर्यंत तिला इतिहासात जागा मिळत नाही. मस्कतमधल्या एका खासगी विद्यापीठाची आइस हॉकीची रिंक या नियमाला अपवाद ठरू नये, याची काळजी यशवंत गजभिये यांनी जातीने घेतली.

रिंक १९९४ सालची. विद्यापीठाचे मालक कॅनडात शिकून आले होते आणि तिथली थंडी काही त्यांच्या मनातून जाईना. बाहेर सेहेचाळीस अंश, आत उणे पाच, हा फरक टिकवायला गजभिये यांना नागपूरहून आणलं गेलं. (उमेदवारास उन्हाची सवय असल्याची नोंद निवडपत्रात आहे.) नऊ वर्षांत एक्केचाळीस सामने आणि त्रेसष्ट गोल झाले, पैकी बावीस स्वतःच्याच जाळ्यात. स्टाफच्या मुलांचाही एक संघ होता आणि त्यात गजभियेंची बारावीतली मुलगी मैत्री सगळ्यांत चपळ होती. बापाने मात्र तिचा एकही सामना पाहिला नव्हता, कारण सामन्याच्या वेळी तो कॉम्प्रेसरपाशी असायचा. जूनमध्ये ती पुण्याला कॉलेजात जाणार होती. त्याआधीचा मे महिन्यातला शेवटचा सामना बसून बघायचा, असं त्याने तिला कबूल केलं होतं.

मार्च २००३ मध्ये रिंक पाडून पार्किंग करायचं ठरलं. गजभियेंनी एकाच बैठकीत अर्ज खरडला: रिंक ऐतिहासिक जाहीर व्हावी. (मस्कतमध्ये नऊ वर्षं पाटी न बदललेली इमारत पुरातनच म्हणायची.) जतनाची कलमंही त्यांनीच लिहिली. चांगली वस्तू कशी सांभाळतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. घुब्रातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बावन्न नगांचा डिनर सेट 'फायनल गेल्यावर काढू', म्हणजे नोकरी संपवून कायमचं भारतात परतल्यावर, म्हणून सहा वर्षं पलंगाखाली खोक्यात होता. त्याच मायेने त्यांनी कलम चार लिहिलं: 'बर्फास कोणत्याही प्रकारे ओरखडा येऊ देऊ नये.'

अर्ज अकरा दिवसांत मंजूर झाला. गजभियेंनी स्टाफला पेढे वाटले. मे महिन्यात ऑफिस सुपरिंटेंडंट तय्यबभाईंनी रिंकभोवती दोरी बांधली. तय्यबभाई रत्नागिरीचे, स्वभावाने मऊ, पण कागदाला पक्के. गजभिये विनवणी करायला गेले, तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला.

"खेळल्यावर ओरखडे येतात ना, यशवंतसाब? मग खलास. कलम तुमचंच आहे."

सामना रद्द करण्याची तरतूद अर्जात नव्हती, म्हणून तो झाला. दोन्ही संघ पूर्ण गणवेशात काचेबाहेर साठ मिनिटं उभे राहिले. पंचांनी वेळ लावली. निकाल शून्य-शून्य, शिस्तभंग निरंक. गजभिये पहिल्या रांगेत बसले होते.

मैत्री गळ्यात स्केट्स अडकवून त्यांच्याजवळ आली. "पप्पा, मी वनटाइमच खेळते ना. स्लो खेळते. आइसला नाही लागणार."

गजभियेंना स्वतःची लाज वाटली. पण नियम आहे, एवढंच ते बोलले आणि उठून तापमान बघून आले. उणे पाच होतं.

मैत्री ठरल्याप्रमाणे पुण्याला गेली. बर्फ उत्तम स्थितीत आहे. पाहुणे येतात, काचेतून बघतात आणि निगा राखणाऱ्याचं कौतुक करतात.

गजभिये यांची कीव आली असेल, तर हरकत नाही. फक्त ज्या सोफ्यावर बसून आपण हे वाचलंत, त्याच्यावरचं प्लास्टिक काढलंय का, तेवढं पाहावं. आणि घरातल्या मुलाला त्यावर उडी मारल्याबद्दल शेवटचं कधी ओरडलो होतो, तेही जमल्यास आठवावं.