वढायचं नाय, दचकवायचं

गजाभाऊंच्या मते या जगात काहीही अडकत नाही, फक्त रुसतं.

दहिवलीला घराच्या अंगणातच त्यांचं गॅरेज आहे. गाडीच्या चाकाला स्टेअरिंगशी जोडणारा बॉल जॉइंट वर्षानुवर्षं चिखलपाणी खाऊन असा घट्ट बसतो, की नट काढला तरी जागचा हलत नाही. बाकीचे मेकॅनिक त्याला शिव्या घालतात. गजाभाऊ त्याच्यापुढे उकिडवे बसतात आणि म्हणतात, "रुसलाय. रुसलेल्याला वढायचं नाय, दचकवायचं."

हे तत्त्वज्ञान त्यांनी जॉइंटपुरतं ठेवलं असतं तर बरं होतं. एकदा कडावला भर रस्त्यात एक म्हैस बसली. चार जण दावं ओढत होते. भाऊंनी तिच्या कानाशी नेऊन ट्रकचा भोंगा वाजवला. म्हैस उठली खरी, पण दावं धरणाऱ्या चौघांना घेऊन थेट भाताच्या खाचरात गेली. मला एकदा त्यांच्या अंगणात उचकी लागली. पाणी द्यायचं सोडून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गाडीचं इंजिन बसलं." उचकी थांबली, पण त्या दिवशी मला जेवणही गेलं नाही.

जॉइंट दचकवायला दोन हातोडे लागतात. तो ज्या कड्यात बसलेला असतो, त्या कड्यावर दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी घाव पडावा लागतो. जरा मागेपुढे झालं की मेहनत फुकट. दुसरा हातोडा वीस वर्षं मंदावहिनींचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा. पदर खोचून यायच्या, "तुमी नुसते वढत बसा" म्हणायच्या आणि ठण्! हातोडे दोन, आवाज एक. मला त्या जोडीचा हेवा वाटायचा. आमच्या घरी दोघांचं भाजीवरसुद्धा एकमत होत नाही.

गेल्या वर्षी वहिनींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडाफार सावरला, हात नाही. डावा धड होता, पण त्यानेही त्या काही करीनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. डॉक्टर म्हणाले, यांना उठवा, कामाला लावा, नाहीतर आहे तेही जाईल. वहिनींचं एकच, "आता माजा काय उपेग?" एवढा दचकवणारा माणूस, पण बायकोपुढे त्याला काही सुचेना. भाऊंना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला खरोखर भीती वाटली.

मध्यंतरी माझ्या गाडीचा जॉइंट गेला. आदल्या दिवशी गाडी सोडून आलो आणि रविवारी ठरल्यापेक्षा तासभर लवकर पोचलो. अंगणाच्या फाटकाशीच आवाज ऐकला, टक्क. भाऊंनी पुलर, म्हणजे जॉइंट ओढून काढायचं अवजार, लावून एकट्याने तो सोडवला होता. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी तो परत कड्यात बसवला, जरा धरावा म्हणून नट अलगद आवळून पुन्हा काढला आणि घराकडे तोंड करून ओरडले, "मंदे, ये गं! हा काय माज्या बापाला ऐकत नाय!"

वहिनी आल्या. डाव्या हातात हातोडा, पाय ओढत, पण आल्या. मीही आत्ताच आल्यासारखा आत शिरलो.

"एक, दोन, हाण!"

वहिनींचा घाव जेमतेम टिचकीएवढा. भाऊंनी मात्र तो अचूक गाठला. जॉइंट खाली.

"बगा गुरुजी, हिच्या हाताबिगर नाय सुटत!"

"तुमी नुसते वढत बसा," वहिनी म्हणाल्या. मला तर भरूनच आलं.

भाऊ हात धुवायला मागे गेले. वहिनी हळूच म्हणाल्या, "गुरुजी, पयला टक्क मला आत ऐकू येतो. रोजच येतो. त्यांना नका सांगू. मी हातोडा घेऊन भायेर आले का त्यांचं तोंड कसं फुलतं, बगितलंत ना?"

मी मान डोलावली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. गाडीच्या दुसऱ्या बाजूचा जॉइंट ठणठणीत होता, तरी म्हटलं, "भाऊ, हाही आवाज करतोय." भाऊंनी चाक धरून हलवलं. पुन्हा हलवलं. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"रुसलाय," ते म्हणाले, आणि घराकडे वळून त्यांनी हाक मारली.