होकायंत्र सर

आमच्या जगदाळे सरांची दाढ दुखायला लागली तेव्हा मीच त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. डॉक्टरांनी विचारलं, "कुठली दाढ?" सर म्हणाले, "ईशान्येची." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग उजेड नीट पडावा म्हणून खुर्ची चांगलीच डावीकडे फिरवली. सर तोंड उघडं ठेवूनच म्हणाले, "आता वायव्येची झाली." डॉक्टरांनी सगळ्या दाढा ठोकून बघितल्या. शेवटी सर ओरडले तेव्हा बरोबर दाढ सापडली.

डावं-उजवं हे शब्द सरांना चालत नाहीत. "माणूस वळला की डाव्याचं उजवं होतं. दिशा कुणासाठी वळत नाही. आधी दिशा, मग गप्पा." हे वाक्य आम्ही पाचवीपासून दहावीपर्यंत इतक्या वेळा ऐकलं की भूगोल विसरला तरी ते विसरलं नाही. "बबन, फळ्याच्या दक्षिणेला खडू पडलाय, उचल." "पूर्वेच्या बाकावरची बडबड बंद." पहिला आठवडा आम्ही नुसते गरगर फिरायचो. मग असं अंगवळणी पडलं की एकदा जेवताना मी आईला म्हटलं, "पानाच्या नैऋत्येला मीठ वाढ." आईने उलथनं उगारलंन, तेही कुठल्या दिशेने येतंय ते मला कळलं.

नाव अर्थातच होकायंत्र पडलं. सरांना ते कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता सगळ्या वर्गाची वाट लागणार. सर वर्गात आले, म्हणाले, "होकायंत्राची सुई कुणी काय बोललं म्हणून हलत नाही. पान काढा, खारे वारे आणि मतलई वारे." झालं. पुढे कधी विषय नाही.

आता तुम्हाला वाटेल, किती गोड माणूस. गोड कसला. नकाशा गुंडाळायची लाकडी पट्टी असते ना, ती सरांच्या हातात असायची आणि तिचा उपयोग फक्त नकाशाला होत नसे. सहामाहीत मी महाराष्ट्राचा नकाशा काढला होता, नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, किती जीव ओतला होता. उत्तर दिशेचा बाण राहिला. सरांनी शून्य दिलं. रडून डोळे सुजले, पण गुण वाढले नाहीत. त्या शून्याचा मला अजून राग आहे आणि तो मी सोडणार नाही.

बबनची गत तर त्याहून वाईट. बबन आमच्या वर्गातला, घरची मासेमारी. त्याला नकाशात आपलं गाव दाखवायला सांगितलं, तर त्याने भर समुद्रात टिंब दिलं. का, तर म्हणे "बाबा तिथंच असतात." सरांनी पट्टी चालवली आणि तासभर खिडकीशी पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं. बबन त्यानंतर सरांशी कामाशिवाय बोलला नाही. आज त्याची स्वतःची बोट आहे, अंगाने आडदांड झालाय, तरी रस्त्यात सर दिसले की हा मान खाली घालून निघून जातो.

मी एसटीत कंडक्टर लागले आणि सर माझ्या गाडीचे नेहमीचे प्रवासी झाले. त्यांची गंमत अशी, की ते एका जागी बसत नाहीत. आमच्या रस्त्याला वळणं फार. सर चढल्याबरोबर जाहीर करतात, "आता ऊन आग्नेयेकडून. सगळ्यांनी उत्तरेच्या बाजूला या." वळण आलं की पुन्हा उठतात. आधी लोक हसायचे. मग लक्षात आलं की सर जिथे बसतात तिथे खरंच सावली असते. आता काय होतं, वळण आलं रे आलं की अर्धी गाडी पिशव्या, कोंबड्या, पोरं उचलून पलीकडे. आमचा ड्रायव्हर वैतागून विचारतो, "मागं काय फुगडी चाललीय काय?" आणि मी बिचारी मधल्या वाटेत तिकिटं फाडत चेंगरते.

अशाच एका फेरीत, शिमगा तोंडावर आलेला, सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "सुलभा, पालख्या झाल्या की मी सांगलीला जातोय. कायमचा. पुतण्या टेम्पो घेऊन येतोय."

"कशाला?"

"गुडघे."

"गुडघ्यांचे डॉक्टर इकडे मेले काय?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "तसं इथलं माझं कोण आहे?"

मला असा संताप आला म्हणून सांगू. सर मूळचे सांगलीकडचे, नोकरीला इकडे आले, लग्न केलं नाही, निवृत्त झाले तरी परत गेले नाहीत. खालचं गाव म्हणजे आमचं, वरचं गाव ते पलीकडचं, आणि मधे पऱ्या, म्हणजे ओढा. त्या पऱ्यावर लाकडी साकव आहे, साकव ओलांडला की सरांचं दोन खोल्यांचं चिऱ्याचं घर. दोन्ही गावांतली पोरं सरांच्या हाताखालून गेली. आणि हा माणूस विचारतो, माझं कोण. पुढच्या थांब्यावर एका आजींना मी उगाचच झापलं.

शिमग्यात कंडक्टरला रजा मिळणं म्हणजे भांडण. मुंबईहून सगळी चाकरमानी मंडळी येते, जादा गाड्या सुटतात. मी भांडले आणि पालखीच्या दिवसाची रजा घेतली. आमच्याकडे देवीची पालखी घरोघर जाते. दारात रांगोळी, ओटीचं सामान, माणसं सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून. वर्षभर न बोलणारे भाऊ त्या दिवशी एका अंगणात उभे राहतात. ढोल वाजायला लागला की माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत, अजूनही.

पालखी आमच्याकडे यायला वेळ होता, म्हणून पुरणपोळ्यांचा डबा घेऊन मी सरांकडे गेले. बघते तर काय, ओटीवर रांगोळी. चौरंग मांडलेला, त्यावर साडी, खण, नारळ, उदबत्ती. सर स्वच्छ सदऱ्यात खुर्चीवर बसलेले.

"साडीचा रंग बरोबर आहे का बघ," सर म्हणाले. "दुकानातल्या मुलीला विचारून आणली."

"छान आहे. वरच्यांची पालखी कधी येते तुमच्याकडे?"

"येत नाही."

"मग आमची येते?"

"तुमचीही नाही." सर उदबत्तीची राख झटकत म्हणाले. "मी दरवर्षी मांडतो. ढोल आधी दक्षिणेकडून ऐकू येतो, दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून. मग आवरून ठेवतो."

 इतकी वर्षं मी खुशाल समजत होते की सरांकडे वरच्या गावची पालखी जाते. "अहो, मग सांगायचं नाही का कुणाला?"

"परक्याने काय सांगायचं? देवी मागून आणायची नसते. यायची तर येते." आणि डबा हातात घेऊन म्हणाले, "पोळ्या तुझ्या हातच्या की सासूबाईंच्या?"

मी चपला तिथेच टाकून साकवावरून धावत सुटले.

पालखी पऱ्याच्या अलीकडच्या शेवटच्या घरी पोचली होती. पुढे तात्या. तात्या आमचे मानकरी, घरच्यांसाठी देवीला साकडं म्हणजे गाऱ्हाणं तेच घालतात, आणि नियमाच्या बाबतीत एकदम कडक. मी धापा टाकत म्हटलं, "तात्यानू, सरांकडे पालखी न्यायची."

"त्यांच्याकडे वरच्यांची जाते गो."

"नाय जात. विचारा."

तात्यांनी तिथल्या तिथे वरच्या गावच्या मानकऱ्यांना फोन लावलान. फोन मोठ्या आवाजावर. पलीकडून आवाज आला, "मास्तरांकडे? तुमची जाते ना? शाळा तुमची, मास्तर तुमचे, आम्ही कशाला मधे पडू?" तात्यांनी फोन खाली घेतला. ढोलवाल्याचे हात थांबले. दोन गावं, इतके शिमगे, आणि जो तो समजतोय की दुसऱ्याची पालखी जाते. कुणाच्या मनात पाप नव्हतं हो, पण कुणी बघितलंही नव्हतं.

तात्यांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, "झालं ते वाईटच झालं. पण शीव ओलांडायची कशी? आपली देवी पऱ्यापलीकडे कधी गेली नाय. पुढच्या वर्षी दोन्ही गावांची बैठक घेऊ."

"पुढच्या वर्षी सर सांगलीला असतील, तात्या. गाडी ठरलीय. इथलं माझं कोण म्हणतात."  

तेवढ्यात पालखीच्या पुढच्या खांद्यावरून बबन म्हणाला, "तात्या, पालखी ओढतेय."

आता बाहेरच्यांना सांगायला हवं. पालखी खांद्यावर असताना जड होते, एका बाजूला ओढते, ही आमच्याकडची श्रद्धा. देवी ओढेल तिकडे जायचं, तिथे मानकऱ्याचंही चालत नाही. बबनचा खांदा साकवाकडे झुकला होता. बाकीचे तिघेही आमच्याच शाळेतले, आता बबनच्या बोटीवरचे. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेही झुकले. "लय ओढतेय, तात्या," मागून एक म्हणाला. देवी ओढत होती की बबन, ते देवीलाच ठाऊक. तात्यांनी बबनच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलंन. मग डोक्यावरचा फेटा सारखा करून म्हणाले, "देवीच्या मनात असेल तर मी कोण अडवणार? वाजव रे ढोल."

साकव अरुंद, पालखी मावेना. शिमग्यात पऱ्या कोरडाच असतो, म्हणून सगळे दगडगोट्यांतून खाली उतरले. ढोल, ताशे, बाया, पोरं, मी अनवाणी. त्या पऱ्यात ढोलाचा आवाज असा घुमला की माझ्या अंगावर काटा आला. वर चढलो तर सर अंगणात येऊन उभे होते. दोन्ही हात जोडलेले. बबनने पालखी अशी नाचवलीन की खालच्या गावात कुणाकडे नाचवली नसेल. सरांनी साडी-नारळ देवीपुढे ठेवले. ओटी भरायला घरात बाई नव्हती, ती मी भरली.

तात्या गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. गाऱ्हाण्यात घरच्या माणसाचं नाव आणि गाव घ्यावं लागतं. तात्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, गाव कंचा सांगू?"

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जगातली गावं तोंडपाठ असलेला माणूस, काही सांगता येईना. तात्या स्वतःच सुरू झाले.

"बा आई म्हाराजा, ह्यो जगदाळे मास्तर, आमच्याच गावचा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आमच्याकडून चूक झाली, ती पदरात घे..."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्याच्या पोराबाळांना..." तात्या अडखळले. हे वाक्य ते प्रत्येक घरी म्हणतात, सवयीने तोंडात आलं. सरांनी मान खाली घातली. तात्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग पालखीखालच्या चौघांकडे बघितलं, आणि आवाज चढवून म्हणाले, "ही पालखी धरून हायत ती ह्याचीच पोरं. त्यांची बोट दर्यावर असते. त्यांना सांभाळ गो आई."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांत मोठ्याने बबन ओरडला, आणि खांद्यावर पालखी असल्यामुळे त्याला डोळे पुसता येईनात. मी तर सरळ रडले, लपवायचं काय त्यात.

पालखी परतीला लागली तेव्हा सरांचा मोबाईल वाजला. पुतण्याचा होता. ढोलाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून सर मोठ्याने बोलत होते.

"अरे, टेम्पो नको आणूस... नाही, गुडघे आहेत तसेच आहेत... नाही रे, कुणाशी भांडण नाही. तू असं कर, पुढच्या शिमग्याला सगळ्यांना घेऊन ये. आमच्याकडे पालखी येते."