विरजण मागणारा सुळकोबा

एका जंगलात एक सिंह होता. त्याला या गोष्टीत काही काम नाही, तेव्हा त्याला झोपू द्या. तुम्ही मात्र नीट मांडी घालून बसा, मुलांनो, आणि मधे मधे प्रश्न विचारू नका.

त्या जंगलात टीव्ही आला होता. बिळाबिळात, ढोलीढोलीत आला होता. संध्याकाळी सगळे प्राणी एकच मालिका बघत. तिचं नाव 'अस्वलांचं बिऱ्हाड'. एक अस्वल, एक अस्वलीण आणि त्यांची भांडणं. मालिका एका गुहेत सगळ्यांसमोर घडायची. ज्यांना जागा मिळे ते समोरच्या गवतात बसत, बाकीचे घरी बघत.

मालिका अस्वलांची होती, पण जंगल वाट बघायचं ती शेजारच्या सुळकोबा साळिंदराची.

सुळकोबाचं काम एवढंसं होतं. दिवेलागण होई, भांडण रंगात येई, तेवढ्यात तो दार वाजवायचा. हातात रिकामी वाटी. मान तिरकी करून म्हणायचा, "वहिनी, थोडं विरजण मिळेल का?"

आता त्या जंगलात दिवे लागल्यावर कोणी विरजण देत नसे. दिलं तर घरातली लक्ष्मीही वाटीतून शेजारी जाते, अशी सगळ्यांची समजूत होती. अस्वलीण कमरेवर हात ठेवून ओरडायची, "भाऊजी, दिवे लागले!" आणि दार धाडकन लावायची. सुळकोबा वाटीत डोकावून बघायचा, चुकून काही पडलंय का म्हणून. मग निघून जायचा.

बस, एवढंच. पण रानडुकरं हसून हसून चिखलात लोळत. तशी ती एरवीही लोळतात, पण हे लोळणं वेगळं होतं.

ही मालिका काढली होती कोल्हेसाहेबांनी. एके दिवशी त्यांनी सुळकोबाला बाजूला घेतलं.

"अहो सुळकोबा, लोक अस्वलांना कुठे बघतात? तुम्हाला बघतात! किती दिवस दुसऱ्याच्या दारात उभे राहणार? तुमची स्वतःची मालिका काढू. नाव ठेवू 'सुळकोबांचा थाट'."

सुळकोबाच्या अंगावर काटे होतेच. ते उभे राहिले.

घरी त्याने बायकोला सांगितलं. सुयाबाई पीठ मळत होती. ती म्हणाली, "बरं. पण तिथे दार कोणाचं असणार?"

"माझंच की! घर माझं, दार माझं."

"मग वाजवणार कोण?"

"तुला ना, माझं चांगलं झालेलं बघवतच नाही," सुळकोबा म्हणाला. सुयाबाईकडून पीठ जरा जास्तच मळलं गेलं.

निरोप घ्यायला तो अस्वलिणीकडे गेला. ती म्हणाली, "भाऊजी, नाहीच जमलं तर परत या हो."

सुळकोबा ऐटीत म्हणाला, "आता तुम्हीच माझ्याकडे या, वहिनी. खुशाल दिवे लागल्यावर या!"

नवी मालिका लिहायला माकडं बसवली. कोल्हेसाहेबांनी त्यांना बजावलं, की नायक कधी मागायला जात नसतो. म्हणून सुळकोबाला मोठं घर दिलं आणि त्या घरात छतापर्यंत दह्याची मडकी रचली.

पहिला दिवस. गवतात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे लागले. सुळकोबा स्वतःच्या घरात बसला होता. हातात वाटी, वाटीत दही. सवयीने त्याने मान तिरकी केली. पण विचारणार कोणाला? शेवटी त्याने दही खाल्लं.

"मग पुढे?" गवतातून एका रानम्हशीने विचारलं.

पुढे काही नव्हतं. माकडांनी त्याला मडक्यांवरून घसरवलं, नाचवलं, गायला लावलं. एकदा तर त्याने बाहेर जाऊन स्वतःचंच दार वाजवलं, आत येऊन स्वतःलाच "दिवे लागले!" म्हटलं आणि आपलंच दार आपल्या तोंडावर लावून घेतलं. त्याचं नाक चेंगरलं, तरी कोणी हसलं नाही. पळस फुलला तेव्हा सुरू झालेली मालिका पळसाची फुलं गळायच्या आत गुंडाळली.

"लोकांना तुम्ही फार आवडता," कोल्हेसाहेब म्हणाले, "फक्त बघायचं नाहीये त्यांना तुम्हाला."

पूर्वी वाटेत कोणी भेटलं की मान तिरकी करून "काय, मिळालं का विरजण?" विचारायचं. आता सगळे झाडांकडे बघत पुढे जात. सुळकोबाला याचं फार वाईट वाटलं. त्याला वाटलं, आपण कोणाचेच शेजारी राहिलो नाही.

सुयाबाईने त्याच्या हातात जुनी वाटी दिली. म्हणाली, "जा. दिवे लागायची वेळ झालीय."

अस्वलांच्या गुहेत भांडण चालू होतं. त्याच्या जागी कोणालाच घेतलेलं नव्हतं. भांडण रंगात आलं की अस्वलीण अजूनही एकदा दाराकडे बघायची.

त्या दिवशी दार वाजलं.

तिने उघडलं. सुळकोबाने मान तिरकी केली, पण त्याला बोलता येईना. त्याचे काटे अंगावर आडवे पडले होते. तिने दह्याचं मडकं ओढलं आणि चमचा भरला. "घ्या भाऊजी. लागले तर लागले दिवे."

गवतात सगळ्यांच्या माना पुढे आल्या. चमचा वाटीपर्यंत आला.

सुळकोबाने झटकन वाटी मागे घेतली आणि तिलाच ऐकू जाईल असं कुजबुजला, "वहिनी, पाया पडतो. विरजण देऊ नका. नाही म्हणा."

अस्वलिणीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मडकं बाजूला ठेवलं, डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि गळा फोडून ओरडली, "भाऊजी, दिवे लागले!"

दार धाडकन लागलं. सगळं जंगल हसत सुटलं. रानडुकरं लोळली. सुळकोबाने वाटीत डोकावून बघितलं, तर त्या ओढाताणीत तळाशी चमचाभर दही सांडलेलं होतं. कोणाला दिसू नये म्हणून त्याने वाटीवर पंजा ठेवला आणि ती तशीच सांभाळत घरी नेली.

कोल्हेसाहेब गवतात बसून बघत होते. ते माकडांना म्हणाले, "या वाटीत दम आहे. हिच्यावर एक मालिका लिहा."

तात्पर्य : शेजाऱ्यावर खरी माया असेल, तर त्याच्या तोंडावर दार लावावं. मात्र जोरात लावावं. मागे बसलेल्यांनाही ऐकू गेलं पाहिजे.