किडिशचं तिसरं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत साडेचार वाजले होते. पाच वाजता पानं छपाईला जायची होती आणि उपसंपादिकेचा जीव एका कार्डासाठी टांगणीला लागला होता. तिने शोधलेला पहिलाच शब्द, ‘किडिश’, आज हुकला तर पुढच्या आवृत्तीपर्यंत दहा वर्षं घरी बसणार होता.

नियम मुख्य संपादकांचा, म्हणजे कोशकाकांचा. शब्द कोशात यायचा तर तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडचा वापर हवा. तीन कार्डं, बोलणाऱ्याच्या वयासकट आणि तीही शाईनं लिहिलेली. तिच्याकडे दोनच होती.

“किड म्हणजे मूळचं करडू,” ती म्हणाली. “मग इंग्रजांनी लाडानं पोरालाच किड म्हणायला सुरुवात केली. त्यावरून किडिश. पोरकट!”

“व्युत्पत्ती झकास आहे गं. पण मोठी माणसं असलं काही बोलत नाहीत.”

तेवढ्यात तिला मावशीचा फोन आला, बोलता बोलता मावशीच ‘किडिश’ म्हणाली आणि तिसरं कार्ड तयार झालं! काकांनी ते डोळ्यांजवळ धरलं. “पेन्सिल? चालणार नाही.”

ती पेन आणायला पळाली. इकडे काकांना राहवेना. तीस वर्षं सांभाळलेल्या ‘पोरकट’च्या जागी हा उपरा शब्द येऊन बसणार? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कार्ड खुर्चीवर ठेवलं आणि वर स्वतः बसले.

“काका, कार्ड कुठंय?”

“कुठलं कार्ड?”

“तुमच्या खालून कोपरा दिसतोय. उठा बघू!”

“मुळीच उठणार नाही.”

तिने कोपरा धरून ओढला. काकांनी टेबल धरलं. कार्ड टर्रकन फाटलं, टेबल हातातून सुटलं आणि चाकांची खुर्ची काकांना घेऊन गरगरत निघाली ती थेट दारात उभ्या संचालिकाबाईंच्या पायांशी थांबली.

“हे काय चाललंय?” बाई कडाडल्या.

काका लालबुंद झाले. “अहो मॅडम, मी सांगतो ना! वय काय हिचं, आणि वागतेय किती किडिश!”

भिंतीवरच्या घड्याळात पाचला चार मिनिटं कमी होती. उपसंपादिकेने हळूच कोरं कार्ड पुढे ओढलं.

“बोलणाऱ्याचं वय, काका?”

काकांनी बाईंकडे पाहिलं, फाटक्या कार्डाकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं.

“अठ्ठावन्न,” ते म्हणाले. “आणि शाईनं लिही.”