निदानाआधी धक्का मारू नये

सार्वजनिक वाहनांना नेमकं काय झालं आहे हे ठरवणाऱ्या खात्यात मी वरिष्ठ निदान अधिकारी आहे. दुरुस्ती आमच्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांचा नेहमी घोळ होतो. दुरुस्तीचं खातं वेगळं, त्यांची इमारत वेगळी, आणि त्यांच्याशी आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं. बिघाड कुठे आहे एवढंच आम्ही सांगतो. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

त्या सकाळी कार्यालयात जाऊन टेकतो न टेकतो तोच ताईचा फोन. ताई माझी मोठी बहीण. मी पन्नाशीला आलो, माझ्या हाताखाली दोन शाखा आहेत, पण ती मला अजून छोट्याच म्हणते आणि चारचौघांत जरा जास्तच मोठ्यानं म्हणते.

"छोट्या, कचऱ्याचा ट्रक माझ्या दारात येऊन बसलाय. उठतच नाही. तू त्याच खात्यात आहेस ना? ये बघू लगेच."

या ट्रकला अख्खी गल्ली आजोबा म्हणते. रंग कोणता होता ते आता कुणालाच आठवत नाही, चढावर धापा टाकतो, आणि वाटेत काहीबाही सांडत जातो. एरवी आजोबा कुठे बसले याच्याशी मला काही देणंघेणं नसतं. पण त्या दिवशी ताईची बेकरी उघडायची होती. सगळा जन्म बिचारी दुसऱ्याच्या भट्टीसमोर उभी राहिली. आता कुठे स्वतःची भट्टी, स्वतःचा गल्ला, दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी. आणि त्या पाटीखाली काठोकाठ भरलेले आजोबा.

मी पोचलो तेव्हा आजोबांभोवती ही गर्दी. ड्रायव्हरकाका चावी फिरवत होते. चावी फिरवली की आतून 'टक' असा एक आवाज यायचा आणि मग एकदम सामसूम. इंजिन घुरघुरायचंसुद्धा नाही.

"सेल्फ उचलत नाही," काका म्हणाले.

"मी एकदा बघू का?" असं म्हणत गर्दीतला एकेक जण वर चढत होता, चावी फिरवत होता, टक ऐकत होता आणि मान डोलवत उतरत होता. बॅटरी गेली, वायर सैल आहे, स्टार्टर अडकला, डिझेलमध्ये भेसळ आहे, इंजिनच बसलं. उतरणाऱ्या प्रत्येकाकडे एक मत होतं आणि ते आधीच्याशी जुळत नव्हतं.

तेवढ्यात ताई कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आली. "अरे, रस्ता उताराचा आहे, तुम्ही एवढी माणसं आहात. लावा हात! धक्का मारला की होईल चालू."

मी हात आडवा घातला. "ताई, भलतंच काय! निदानाआधी धक्का मारायचा नसतो."

"का?"

"धक्क्यानं गाडी चालू झाली तर बिघाड कळणार कसा? मागे एकदा एका उतावळ्या माणसानं असाच धक्का मारला. गाडी निघून गेली. तिला काय झालं होतं ते आमच्या खात्याला आजतागायत कळलेलं नाही."

"पण गाडी गेली ना?"

"गेली की. तेच तर दुःख आहे."

शेजारचे चष्मेवाले आपल्या दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "साहेबांचं बरोबर आहे हो, ताई. जरा धीर धरा. शास्त्रशुद्ध होऊ द्या सगळं." गर्दीनं लगेच री ओढली. हात खिशात राहणार असं दिसलं की आपल्याकडे शास्त्राविषयी फार लवकर एकमत होतं. ताईनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मला लहानपणी फोडलेल्या बरण्या आठवल्या. पण नियम म्हणजे नियम.

मी दोन्ही शाखांना बोलावलं. विद्युत शाखेचे साहेब हडकुळे, यांत्रिक शाखेचे साहेब चांगले गरगरीत. दोघांनी आळीपाळीनं टक ऐकलं.

"हा यांत्रिक आवाज आहे," विद्युत साहेब म्हणाले. "लोखंडावर लोखंड आपटतंय. वीज कधी टक करत नाही."

"आमचं लोखंड आपणहून कधी बोललेलं नाही," यांत्रिक साहेब म्हणाले. "त्याला कुणीतरी बोलायला लावलंय. ते कुणी लावलं, ते आपण सांगा."

टक नेमकं कोणाच्या हद्दीत येतं यावर मग ताईच्या बेकरीत बसून चर्चा झाली. ताईनं पहिल्या भट्टीतले पाव पुढे ठेवले. ते आम्ही खाल्ले. वास्तविक ते गिऱ्हाइकांसाठी होते, पण गिऱ्हाईक होतंच कुठे? लोक लांबून पाटी बघून हसत यायचे, ट्रकपाशी आले की नाकाला रुमाल लावायचे आणि समोरच्या फुटपाथवरून निघून जायचे. एका बाईनं तेवढं आत डोकावून विचारलं, "हे उघडलंय की बंद झालंय?"

चर्चेअंती ठरलं की संशयित भाग वेगवेगळे करून तपासावेत. बॅटरी विद्युत शाखेनं नेली. स्टार्टरवर दोघांचाही दावा, म्हणून तो आधी एका शाखेत गेला, मग दुसऱ्या. वायरी गेल्या, चावी गेली. चावी फिरवणाराही तपासावा असा मुद्दा निघाला, तेव्हा मनगटातला जोर मोजून घेण्यासाठी ड्रायव्हरकाकांनाही पाठवलं. राहिला फक्त कचरा. तो ना विद्युत ना यांत्रिक, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही.

रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा.

"छोट्या, झालं का रे?"

"ताई, प्रकरण प्रगतिपथावर आहे."

"पीठ भिजवलं की ते फुगतं रे. तुझ्या अहवालासाठी थांबत नाही. मी रोज भिजवते, रोज भाजते आणि रोज तुझ्याच माणसांना खाऊ घालते. एवढं करून आज तुझा तो हडका साहेब म्हणतो, पाव जरा अळणी आहे!"

मला खरंच वाईट वाटलं. मी त्याच दिवशी विद्युत साहेबांना तोंडी समज दिली.

शेवटी अहवाल आले. बॅटरी निर्दोष. स्टार्टर निर्दोष, आणि तोही दोन्ही शाखांच्या मते, असं क्वचितच घडतं. वायरी निर्दोष, चावी निर्दोष. ड्रायव्हरकाकांचं मनगट तर वयाच्या मानानं कौतुकास्पद. सगळं पुन्हा जिथल्या तिथे बसवलं, काका वर चढले आणि त्यांनी चावी फिरवली.

टक.

म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागी निर्दोष, आणि एकत्र आले की टक. आमच्या कार्यालयाची मला क्षणभर आठवण झाली, पण ती मी लगेच झटकली. ज्याचा एकही भाग सदोष नाही तो ट्रक सदोष कसा म्हणायचा? मी निष्कर्ष लिहिला: वाहन चालू स्थितीत आहे, तक्रार निराधार आहे.

आता ओढून नेणारी गाडी बोलवावी म्हटलं, तर त्यांनी फोनवरच हात वर केले. "आम्ही फक्त बंद गाड्या ओढतो, साहेब. तुमची तर चालू आहे. सही तुमचीच आहे ना?" सही माझीच होती. बरं, ट्रक चालू आहे म्हटल्यावर तो आपल्या फेऱ्या मारतोय असं धरण्यात आलं. तो फेऱ्या मारतोय म्हणजे गल्लीतला कचरा रोज उचलला जातोय. त्यामुळे बदली ट्रक मागायला गेलेल्या लोकांना उत्तर मिळालं की आपल्या गल्लीत कचरा नाही. लोक परत आले आणि त्यांनी नसलेल्या कचऱ्याच्या पिशव्या आजोबांच्या अंगाशी, म्हणजे ताईच्या पायरीशी, रचायला सुरुवात केली. त्यांना तरी काय बोलणार?

मी हे सगळं ताईला समजावून सांगायला गेलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. भट्टी विझलेली होती. ती विझलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"झालं तुझं निदान?" तिनं विचारलं.

"झालं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग आता धक्का मारायला हरकत नाही."

नियमांत खरोखरच हरकत नव्हती. ताईनं पदर खोचला आणि बाहेर जाऊन अशी काही हाक मारली की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. लोक आले. एवढे दिवस वास घेऊन तेही कंटाळले होते. हडकुळे साहेब आले, गरगरीत साहेब आले, मीसुद्धा कोट काढून हात लावला. चष्मेवाले मात्र पायरीवरूनच म्हणाले, "जोर लावा हो! माझी कंबर दुखतेय, नाहीतर आलो असतो."

आजोबा आधी ढिम्म. मग कुरकुरले. मग गाडी हलली आणि उताराला लागली. आतून एक ढास आली, मग दुसरी, नळकांड्यातून काळा धूर सुटला.

"धरतंय! धरतंय!" काका खिडकीतून ओरडले. "अजून थोडं! सोडू नका!"

तेवढ्यात आजोबांचं मागचं चाक ताईच्या दाराच्या पुढे गेलं. ताई सरळ उभी राहिली, हात झटकले, म्हणाली, "बास. झालं."

आणि सगळ्यांचे हात एकदम सुटले. कुणी कुणाला खूण केली नव्हती. आजोबांनी एक शेवटचा आचका दिला आणि ते बरोब्बर चष्मेवाल्यांच्या दारात बसले.

"ओ! ओ साहेब!" चष्मेवाले खुर्चीवरून उडालेच. कंबर कुठल्या कुठे पळाली. "इथे कुठे सोडताय? ढकला, ढकला पुढे!"

"जरा धीर धरा हो," ताई पिशव्या पायानं त्यांच्या हद्दीत सारत म्हणाली. "शास्त्रशुद्ध होऊ द्या सगळं."

त्या संध्याकाळी ताईची बेकरी उघडली. रांग लागली होती. पाव खरंच उत्तम होते, मी स्वतः विकत घेतले. आणि चष्मेवाल्यांनी दुसऱ्या दिवशी दहा माणसं गोळा करून आजोबांना शिंप्याच्या दुकानापर्यंत ढकललं. तिथेही म्हणे इंजिनानं धरलंच होतं, काका ओरडत होते, पण चष्मेवाल्यांचं दार ओलांडून झालं होतं. शिंप्यानं त्यांना वळणापर्यंत नेलं. वळणावरच्या लोकांनी पलीकडच्या गल्लीत.

आता आजोबा कुठे आहेत याची आमच्याकडे नोंद नाही, कारण ते चालू आहेत. पण उतार सगळा तुमच्याच बाजूला आहे. सकाळपासून कसला वास येतोय म्हणून तुम्ही खिडकी लावून घेतली असेल, तर ठीकच केलंत. खाली माणसं जमली असतील. ड्रायव्हरकाकांना चहा द्या, ते थकलेत. आणि इथपर्यंत वाचताना बॅटरी की वायर की स्टार्टर, यावर तुमचंही एक मत झालेलंच असेल. ते आम्हाला जरूर कळवा. हात तेवढा लावू नका.