बत्तीस वेळा चावणारे आबा

एक घास बत्तीस वेळा चावायचा, एकतीस नाही आणि तेहेतीसही नाही, असा नेम असलेला माणूस तुमच्या शेजारी कधी जेवायला बसलाय? नसेल, तर नशीबवान आहात. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत तो कायमचा मुक्कामाला होता.

आबा खांबेटे त्यांचं नाव. पोस्टातून रिटायर झालेले, घरात एकटे, अंगाने काटकुळे. "पोटाला दात नसतात, बरं का!" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून दहादा ऐकू यायचं. कुणाला सर्दी झाली तर कारण एकच, घाईने जेवला असणार. जोशांच्या थोरल्याची नोकरी सुटली, तेव्हाही त्यांनी हेच निदान केलं. रेशनच्या तांदळात खडा लागला की आम्ही सरकारच्या नावाने बोटं मोडायचो. आबांचा चेहरा मात्र उजळायचा. खडा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवायचे. "बघा! तुम्ही गिळला असतात!"

त्यांच्या स्वतःच्या तोंडात दात होते एकोणीस. मी एकदा आगाऊपणे म्हणालो, "मग आबा, एकोणीस वेळाच चावा की!"

"अरे, गेलेल्यांची ड्यूटी राहिलेल्यांनी करायची असते. पोस्टात तीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

चावताना ते मनात मोजायचे. मध्येच कुणी बोललं की आकडा चुकायचा आणि स्वारी परत एकपासून सुरू. आम्ही टवाळ मंडळी मुद्दाम विचारायचो, "आबा, किती वाजले हो?" ते नुसते डोळे वटारायचे आणि पुन्हा एक, दोन, तीन.

हे त्यांच्या घरी चाललं असतं तर कुणाचं काय जात होतं? पण पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही, ही आपल्याकडची रीत. जोशांकडच्या सत्यनारायणाला पहिली पंगत दीड तास हलली नाही. सगळ्यांचे हात वाळून खडखडीत झालेले, पत्रावळी कोरड्या, आणि आबांचा मसालेभात निम्मा शिल्लक! दुसरी पंगत गॅलरीत भुकेने कळवळत उभी. शेवटी जोशीकाका म्हणाले, "आबा, आता आवरा हो!" झालं. आबांचा आकडा चुकला.

त्यानंतर चाळीतल्या बायकांनी गोड युक्ती काढली. कार्य कुणाकडेही असो, आबांचं ताट झाकून त्यांच्या खोलीवर पोचतं व्हायचं. "घरीच निवांत जेवा हं, आबा." आबा मान डोलवायचे. त्यांना आवडतं, असंच आम्ही धरून चाललेलो.

मग माझ्या बहिणीचं, कुसुमचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी ठाण्याची, टेंभी नाक्याजवळची. व्याही एकदम कडक! सूर्यास्ताच्या आत सून घरात आली पाहिजे, त्यासाठी शीळफाट्यावरून जायला मोटार ठरवलेली, ती चारला सुटणार म्हणजे सुटणार. वडिलांनी मला बाजूला घेतलं. "खांबेट्यांना सांगून ये, ताट घरी पाठवतो म्हणून. वरपक्षाच्या पंगतीत ते बसले ना, तर कार्टीचा गृहप्रवेश उद्यावर जायचा."

आदल्या दिवशी दुपारी मी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, तर आबा स्टोव्हपाशी उकिडवे बसलेले. पातेल्यातच ताकभात कालवलेला, आणि बोटांनी भराभरा तोंडात कोंबत होते. चावणं नाहीच. घास गेला की दुसरा. माझ्या डोळ्यांदेखत पातेलं रिकामं!

"आबा!" मी ओरडलोच. "आणि ते बत्तीस?"

चोरी पकडल्यासारखे ते दचकले. हात धुतला, पंच्याला पुसला.

"एकट्याने काय मोजायचं रे?" ते म्हणाले. "समोर भिंत. ती काय उठून जाणार आहे? पटकन उरकतो झालं. पंगतीत कसं, माझं होईपर्यंत कुणी उठत नाही. तेवढीच चार माणसं बसतात जवळ." मग माझ्याकडे बघून हसले. "तू कशाला आलेलास?"

माझी मला लाज वाटली. "उद्या जेवायला यायचं, हेच सांगायला," असं म्हणून मी सटकलो.

घरी आल्यावर वडील माझ्यावर उखडले. आईने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "आपल्याबरोबर बसव त्यांना. शेवटच्या पंगतीला. आपल्याला कुठे मोटार गाठायचीय?"

लग्न छान झालं. वरपक्ष वेळेवर जेवला, चारला मोटार सुटली. कुसुम रडत गेली. मग मांडव एकदम भकास झाला. आम्ही घरचे दहा-बाराजण पानांवर बसलो, आईसुद्धा. आबा सकाळपासून थांबलेले, भुकेने त्यांचा जीव कासावीस झाला असणार. चेहरा तसंच सांगत होता.

त्या दिवशी पहिल्यांदाच आबा आमच्याआधी जेवले. पान लख्ख. पण शेजारी आईचं पान जसंच्या तसं होतं. वरणभात कालवून ती नुसती बसून होती, डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. बाकीची मंडळी चुळबुळ करायला लागली. दिवसभर राबलेली माणसं ती, पाठी टेकायच्या होत्या. आईच्या ते लक्षात आलं. ती पान सारून म्हणाली, "उठा तुम्ही सगळे. मला नाही जात."

"वाढा रे इकडे भात!" आबा मोठ्याने म्हणाले.

भाताचं पातेलं माझ्याजवळच होतं, मी डाव्या हाताने वाढला. पोट भरलेला तो माणूस पुन्हा कालवायला लागला. एक घास तोंडात घातला आणि सावकाश, अगदी सावकाश चावू लागला. आता कोण उठतंय! उठू लागलेले सगळे मुकाट खाली बसले.

"जेवा वहिनी," आबा हळूच म्हणाले. "घाई नाही. मी बसलोय."

आईने डोळे पुसले आणि पहिला घास घेतला.